धुकं काढल्यावर

संपत पुण्याहून जालन्याला आला तो एक टीव्ही, एक कॉम्प्युटर आणि गेम खेळायचे दोन कन्सोल, एक जुना नि एक नवा, घेऊन. आईचा पाय मुरगळला होता आणि घर सोडून पुण्याला यायला ती काही केल्या तयार नव्हती. गेम बनवणाऱ्या त्याच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली. तसं काम थोडंच उरलं होतं. हरवलेलं वासरू शोधत गावभर हिंडणाऱ्या मुलीचा तो व्हिडिओ गेम जवळजवळ पुरा झाला होता. तेवढ्यात जुना कन्सोल बाजारातून उठला आणि तोच गेम नव्या कन्सोलवर चढवायचं ठरलं.

गेममधलं गाव संपतने आपल्या मूळ गावावरून, टेंभुर्णीवरूनच रचलं होतं. पार, गुरांचा हौद, गल्लीच्या टोकाला निळ्या दाराचं त्यांचं घर. जुन्या कन्सोलला लांबचं चित्र झेपायचं नाही, म्हणून गावाबाहेर सगळीकडे त्याने धुकं घातलं होतं. नव्याला ती अडचण नव्हती. एका सकाळी त्याने धुकं काढून टाकलं.

गावाबाहेर काळी रानं उघडी पडली. त्यांच्यामधून एसटीचा रस्ता. आणि त्या रस्त्यावर, अगदी लांब, एक माणूस चालत येत होता.

संपतने तिथे माणूस ठेवला नव्हता. चुकून राहिला असेल म्हणून त्याने गेममधली सगळी माणसं काढून पाहिली. पार ओस पडला, हौदावर कुणी उरलं नाही. रस्त्यावरचा माणूस मात्र चालतच होता.

त्याने पुण्याला फोन लावला. बरोबर काम करणाऱ्या गिरिधरकडे हीच प्रत होती.

"रस्त्यावर कुणीसुद्धा नाहीये," गिरिधर म्हणाला. "तुझ्या कन्सोलमध्ये काहीतरी बिघाड असेल. धुकं परत टाक आणि पाठवून दे. सोमवारी द्यायचंय."

संपत धुकं टाकणारच होता. तेवढ्यात भिंतीला धरत आई खोलीत आली आणि टीव्हीसमोर थांबली.

"भिवा हाये त्यो," ती म्हणाली.

भिवा संपतचा थोरला भाऊ. संपत शाळेत असताना, अंबडला बैल बघून येतो म्हणून एसटीत बसला, तो परत आलाच नाही. पुढे संपतच्या शिक्षणासाठी टेंभुर्णीचं घर बंद करून मायलेक जालन्याला आले. तेव्हापासून आईच्या जिवाला एकच घोर. भिवा गावाकडे येईल, दाराला कुलूप बघेल आणि निघून जाईल.

"आई, हे चित्र आहे."

"डावा खांदा पाडून कोण चालतं दुसरं?"

त्यानंतर आई तिथून हललीच नाही. जेवणाचं ताटही तिथेच मागून घ्यायची. माणूस रोज थोडा थोडा जवळ येत होता. तो पारापाशी पोचला तेव्हा संपतला त्याचा चेहरा नीट दिसला. घर सोडताना भिवाला जेमतेम मिसरूड फुटलं होतं. या माणसाचे कानावरचे केस पांढरे झाले होते.

माणूस गल्लीतून निळ्या दारापाशी आला. ते दार उघडत नसे. संपतने त्याला आतली बाजूच केली नव्हती. माणसाने कडी धरून हलवली. आवाज काही आला नाही. थोडा वेळ तो उभा राहिला आणि मग ओट्यावर खाली मान घालून बसला.

आईने पुढे होऊन काचेवर हात ठेवला.

"बाळा, तिथं न्हाई रे आम्ही. जालन्याला आलो. मोतीबागेच्या पुढं, टाकीपासून डाव्या हाताची गल्ली. दारात लिंब हाये बघ. बराबर ध्यानात ठिव."

माणसाने मान वर केली. मग तो उठला आणि आल्या वाटेने परत चालू लागला.

सोमवारी गिरिधरचा फोन आला.

"धुकं टाकलंस का?"

"धुकं टाकलं तर त्याला रस्ता दिसणार नाही," संपत म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला नंतर कळलं. संपतने फोन ठेवला.

पडद्यावरचा रस्ता रिकामा झाला तरी त्याने टीव्ही बंद केला नाही.

मग एके दिवशी, भर दुपारी, बाहेरच्या दाराची कडी वाजली.

आई भिंतीला न धरता उठली. संपत मागोमाग गेला. तिने दार उघडलं.

बाहेर ऊन होतं. लिंबाखाली कुणी नव्हतं. गल्लीतही कुणी नव्हतं.

"किती उशीर केलास रे," आई म्हणाली आणि दारातून बाजूला सरकली. "संपत, पाणी आण. जल्दी. त्याचे पाय भाजले असतील."

संपतने तांब्या आणून दिला. तिने वाकून उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर पाणी ओतलं.

पाणी फरशीभर पसरलं. पावलांएवढ्या दोन जागा तेवढ्या कोरड्या राहिल्या, शेजारी शेजारी.

संपत बघत राहिला.

मग उजवीकडच्या जागेवर पाणी हळूच सरकून आलं.