मिटलेला शेगडा

ही गोष्ट घडलेली आहे. ती कुणाला पटवून देण्याची हौस नाही. पटत नसेल त्याने आपला उजवा हात एकदा नीट बघून घ्यावा आणि उठावं.

रात्रही नव्हती.

गुरुवार, चैत्री अमावस्या, १९५६. चिंचवड स्टेशनच्या मागची पत्र्याची शेड. दुपारचे दोन. पत्रा असा तापलेला, की कावळा बसला नसता.

हिंदुराव तेव्हा तीस वर्षांचा. कऱ्हाडकडच्या लोहाराच्या घरातला. भावांनी घराबाहेर काढलं होतं. वर सांगितलं होतं, परत दिसलास तर तंगडी मोडू. तो आणि बायको दुर्गाबाई, दोघंच. जुने शेगडे ओळखायचे, दुरुस्त करायचे आणि रस्त्याकडेच्या नव्या कारखान्यांना द्यायचे, हा त्याचा धंदा. शेगडा म्हणजे दोन जबड्यांत लोखंड घट्ट धरून ठेवणारं अवजार. दांडा फिरवला की पेच वळतो आणि जबडे मिटतात.

येत्या सोमवारी पिंपरीच्या एका कारखान्यात त्याची परीक्षा होती. लोखंडाचा चौकोन कानशीने घासून खाचेत बसवायचा. मधून उजेडाची तिरीपही जाता कामा नये.

बसला, तर नोकरी. नोकरी, तर राहायला दोन खोल्या.

नाही बसला, तर जायला गाव नव्हतं.

सगळं त्या एका उजव्या हातावर होतं.

तो शेगडा आदल्या सोमवारी आला. चाकणच्या मुरारीने बैलगाडीतून आणला आणि दारात आपटला.

"घे ह्यो."

"आत ठेवा की," हिंदुराव म्हणाला.

"कुठंबी ठेव. आमच्या दारात नको."

"धनी कुठाय याचा?"

"चुलता माजा. गेनबा. गेला पाच वर्सांमागं."

"आणि शेगडा मिटलेलाच ठेवलात?"

मुरारीने पैसे मोजून घेतले आणि बैल वळवले.

हिंदुरावला राग आला. कऱ्हाडकडे लोहार गेला की तेराव्याला त्याचा शेगडा सैल करून ठेवतात. माणसाचा हात सुटावा म्हणून. या लोकांना एवढीही रीत नाही?

त्याची एक वही होती. प्रत्येक शेगड्याची ओळख तो त्यात लिहायचा. त्या दिवशीचं पान असं:

*पायाचा शेगडा. उंच, पाय जमिनीत रोवायचा. पाय घडीव, ओतीव नव्हे. पेचाचे आटे चौकोनी, हाताने कापलेले. बाजूला विलायती आकडे. माल अस्सल.*

*पायाला हातभर उंचीपर्यंत माती. इतका खोल कुणी गाडत नाही.*

*जबड्यात काहीतरी अडकलेलं.*

परीक्षेच्या सरावाला हाच शेगडा हवा होता; तीन दिवस त्याने पेचात रॉकेल मुरवलं. हलेना. गुरुवारी भट्टी पेटवली.

"अहो, आज अवस हाय," दुर्गाबाई दारातून म्हणाली. "अवसेला भाता चालवत्यात व्हय?"

"सोमवार अवसेसाठी थांबणार आहे का?"

"थांबू नका. पर मला बोलवू नका."

त्याने लोखंड तापवलं. दांड्याला खांदा लावला.

एक आटा सुटला.

दुसरा.

तिसऱ्याला पेचातून आवाज आला...

माणूस खूप वेळ दम कोंडून धरतो आणि मग सोडतो, तसा.

जबड्यातून एक पातं खाली पडलं. विळ्याचं. अर्धं घासलेलं, अर्धं काळं.

हिंदुरावने शेगड्याला हात जोडले. सुटलास रे बाबा, म्हणाला. जबडे सैल ठेवून जेवायला गेला.

शुक्रवारी सकाळी शेगडा मिटलेला होता.

जबड्यात काही नव्हतं. नुसता मिटलेला.

"तू हात लावलास?"

"मी? त्या मढ्याला?" दुर्गाबाई म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. "अहो... करंगळी का अशी?"

उजव्या हाताची करंगळी तळव्यात वळून बसली होती. दुखत नव्हती. उघडतही नव्हती.

त्याने शेगडा पुन्हा उघडला. करंगळी तशीच राहिली.

दुपारी दोघं भाकरी खात होती. शेडमधून आवाज आला...

कर्र.

दोघांनी एकदमच मान वळवली. शेडमध्ये ऊन पडलं होतं. माणूस नव्हतं. दांडा सावकाश फिरत होता, पाव फेरा... अर्धा फेरा...

जबडे टेकले.

हिंदुरावच्या हातातला घास पडला. करंगळीशेजारचं बोट मिटलं होतं.

वहीत त्या दिवशीचं अक्षर वाकडं आहे:

*पेच वळला की बोट जातं. दोन गेली. कानस धरायला उरली ती*

वाक्य तिथेच तुटलं आहे.

शनिवारी तिसरंही मिटलं. पातं फडक्यात बांधून तो एस.टी.ने चाकणला गेला. गेनबाची बायको कुशाबाई ओट्यावर गोवऱ्या रचत होती. तिने फडकं बघितलं. मग त्याचा हात बघितला. बस म्हणाली नाही.

"उगडलास?"

"आमच्याकडे उघडतात, मावशी. मेलेल्या माणसाचा हात सुटावा म्हणून."

"आमच्यात मिटवत्यात. सुटू नये म्हनून." ती थुंकली. "ह्यो इळा घासता घासता गेला त्यो. काम अर्धं टाकून उठायचं ठावंच न्हवतं त्याला. तिरडी उचलली तरी दांडा फिरत हुता. मंग त्येच काम जबड्यात दिलं, मिटवला, गाडला. मुरारी मेला हावरा. उपसून न्हेला, मला इचारलंबी न्हाई."

"मी परत मिटवतो. पातं आत घालून."

"मिटव की. तुजी मूठबी मिटंल संगं. जलमाची."

"सोमवारी माझी परीक्षा आहे, मावशी. या हातावर पोट आहे."

"त्यालाबी हातच पायजे."

"कुणाला?"

म्हातारीने गोवरी उचलली आणि जागेवर ठेवली.

"काय करू मी?" तो ओरडला.

"दे त्याला. काम पुरं हुईस्तवर. मंग तुजं नशीब." तिने दुसरी गोवरी उचलली. "जा आता. ह्या दारात परत दिसू नगंस."

रविवार, दुपार. दुर्गाबाईला त्याने बाहेर पाठवलं. ती लांब गेली नाही. दाराच्या फटीतून जे बघितलं ते तिने फार उशिरा सांगितलं.

त्याने पातं जबड्यात दिलं. डाव्या हाताने पेच आवळला. कानस उजव्या मुठीत कशीबशी खुपसली.

"घ्या," तो म्हणाला. "करा पुरं."

काहीच झालं नाही.

मग...

बोटं उघडली. एकेक करून. आणि कानशीभोवती पुन्हा मिटली, पण वेगळ्या तऱ्हेने. अंगठा वर नव्हता. बाजूला होता.

हात चालू लागला.

हिंदुराव नुसता उभा होता. मान एका बाजूला टाकून. डोळे मिटून. हात मात्र घासत होता. लांब, सावकाश, न चुकता.

दोन तास.

विळा चकाकायला लागला तेव्हा हात थांबला. कानस खाली ठेवली. जबडे सैल केले. हिंदुरावने डोळे उघडले आणि पाचही बोटं हलवून बघितली. हलली.

तो लहान पोरासारखा रडला.

सोमवारी फोरमन यशवंतरावांनी त्याच्या कपड्यांकडे बघून नाक मुरडलं. "पाव्हणं, कानस धरता येते का नांगरच?"

चार तासांचं काम. दीड तासात चौकोन खाचेत बसला. यशवंतरावांनी तो खिडकीपुढे धरला. उलटा करून धरला. दुसऱ्या खिडकीशी नेऊन धरला.

उजेड जात नव्हता.

"कुठं शिकलात, हिंदुराव?"

आता 'पाव्हणं' नव्हतं.

नोकरी लागली. दोन खोल्या मिळणार होत्या. तो पिंपरीहून चिंचवडपर्यंत जवळजवळ पळतच आला. दुर्गाबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. भाकरी थापत होती. त्याला तिला दचकवायचं होतं, हसवायचं होतं. पाय न वाजवता तो मागे गेला आणि उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

अकरा वर्षांचा संसार. तो हात तिला अंधारातही ओळखू आला असता.

तिचे हात पिठात थांबले. मागे न बघता तिने विचारलं...

"कोण हाय?"

"मी," हिंदुराव म्हणाला.

तो खांद्यावरचा हात काढायला गेला.

हात निघेना.

किती वेळ निघाला नाही, हे दोघांपैकी कुणी कधी सांगितलं नाही. आम्ही मुलांनी खूपदा विचारलं. नोकरी बत्तीस वर्षं झाली. त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही.

त्या बत्तीस वर्षांत दुर्गाबाई त्याच्याकडे पाठ करून एकदाही बसली नाही.