बबिताच्या हळदीची फाइल

पटत नसेल तर पूर्णेला या. आमचा मावसभाऊ जीवन तिथंच आहे, त्याला विचारा. तो सांगेल का, ते मात्र माहीत नाही.

गेल्या मे महिन्यातली दुपार. स्टेशन रोडला जीवनचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे जुने व्हिडिओ लय जागा खातात, नव्या मोबाइलवर चालत नाहीत. जीवन ते दाबून बारीक करून देतो.

सकाळी चुडाव्याच्या अनसूयाबाई पेन ड्राइव्ह देऊन गेल्या होत्या. त्यात लेकीची हळद. बबिता पहिल्या बाळंतपणातच गेली. तिचं हलतं-बोलतं तेवढंच उरलेलं.

"मोबाइलात बसंल असं करून दे बाबा. माजं लेकरू हाय त्यात."

बाहेर गरम वारा सुटलेला. जीवनने शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं, कूलर लावला आणि फाइल कामाला टाकली.

झाली. एवढीशी झाली. गडी खूश! त्याने लावून बघितली.

मांडव होता. बायका गाणी म्हणत होत्या, हसत होत्या, हळद लावत होत्या...

रिकाम्या पाटाला.

बबिता कुठंच नव्हती.

त्याने घाईघाईने पेन ड्राइव्ह उघडला. तोही रिकामा! काम झालं की मूळ फाइल आपोआप उडावी, अशी सोय त्यानेच जागा वाचवायला करून ठेवलेली.

"मेलो," तो म्हणाला. आता त्या माउलीला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला.

कॉम्प्युटर मात्र चालूच...

आणि दुकानात काकणं वाजली.

जीवन शटरकडे धावला. शटर पूर्ण खाली आलं होतं. त्याने जोर लावला. हलेना. लाथा घातल्या. शेजारच्या रसवंतीचे घुंगरू अगदी कानाशी वाजत होते, पण याची हाक कोणाला ऐकू जाईना.

ओल्या हळदीचा वास आला...

"भाऊ," मागून कोणीतरी म्हणालं, "जरा सरका की. लय दाटी झाली हितं. बसायला जागाच न्हाई."

जीवन भिंतीला चिकटला. तरी दाब वाढतच गेला. खांदे आवळले, हात अंगाशी दाबले गेले, श्वास अर्ध्यातच अडकला. ओ माय, आता संपलं, असं त्याला वाटलं.

खडखडाट झाला. शटर वर गेलं.

दारात अनसूयाबाई. "असा खाली काहून पडलास रे? शटर तर गुडघ्याएवढं उघडंच व्हतं."

तो भिंतीला धरून उठला. बाई मात्र स्क्रीनकडे बघत होत्या.

पाटावर बबिता बसली होती. हळदीने माखलेली, हसत.

"माय माजी!" बाईंनी काचेवरून हात फिरवला आणि ढसाढसा रडल्या.

जीवनने नीट बघितलं. बायकांच्या मागे, मांडवाच्या कोपऱ्यात कोणीतरी चेंगरून उभं होतं. तोंड उघडं. अंगात त्याच्यासारखाच निळा शर्ट...

तोच होता.

जीवन त्या लग्नाला कधी गेलाच नव्हता.

बाई फाइल मोबाइलात भरून घेऊन चुडाव्याला गेल्या. दिवेलागणीला रोज व्हिडिओ लावतात. आणि इकडे पूर्णेत, त्याच वेळी, जीवनचे खांदे आवळतात. तोंड उघडं राहतं, श्वास आत जात नाही. नांदेडचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कशात काही नाही.

"जावा आन् ती फाइल उडवून या," त्याची बायको राजेश्री रडून सांगते.

गेला होता एकदा. अनसूयाबाई मोबाइल पदरात धरून बसलेल्या.

"तुज्यामुळं लेकरू रोज भेटायलंय रे मला."

चहा पिऊन परत आला बिचारा.

परवा मी त्याच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा बाईंचा फोन आला. त्यांचा मोबाइल भरून गेला म्हणे.

"जीवन, ती फाइल आजून जरा बारीक करून देतूस का रे?"

जीवन फोन ठेवून नुसते खांदे चोळत बसला. तेव्हापासून मलाही रात्री नीट झोप लागत नाही.