काढून टाकलेली ओळ

खोटं वाटेल, पण हे खरंच घडलंय. सुलतानपूरच्या समाजमंदिरात, गेल्या एप्रिलमध्ये. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपार होती.

धम्मरत्नदादा मिलिटरी बँडमधून रिटायर होऊन गावी आलेले. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो अशा चार तंतुवाद्यांची एक संथ विलायती रचना त्यांच्या कानात बसली होती. ती चार ट्रॉम्बोनसाठी, म्हणजे नळी पुढेमागे सरकवत फुंकायच्या पितळी वाद्यांसाठी, लिहायची आणि बुद्धपौर्णिमेला गावात वाजवायची, एवढीच हौस.

पण चौथा ट्रॉम्बोन वाजवणारे इंद्रभानकाका हिवाळ्यात दम्यानं गेले.

उरले तिघं. दादा, त्यांची भाची महामाया आणि तरणाताठा जीवन.

मग दादांनी काकांच्या वाट्याची, व्हिओलाची ओळ काढूनच टाकली. तीन ट्रॉम्बोनपुरतं नव्यानं लिहिलं. ती ओळ त्यांनी कुणाला दाखवलीही नव्हती.

त्या दुपारी तालमीच्या वेळीच लाईट गेली. पंखा थांबला. हॉल एकदम शांत.

वाजवणं सुरू झालं. एका जागी तिघांनीही थांबायचं होतं. थांबले.

आणि...

एक सूर चालूच राहिला.

खालचा. घोगरा.

महामायानं ट्रॉम्बोन ओठांवरून काढला. "मामा, तुम्ही वाजवून राह्यले?"

"नाही व. तू?"

तिनं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात सूर विरला.

"हॉल रिकामा हाये, घुमला असंल," दादा म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून घ्या."

या वेळी तो सूर लवकर आला.

दादांनी ओळखलं. ही व्हिओलाची ओळ होती... त्यांनी काढून टाकलेली. एकसुद्धा स्वर चुकत नव्हता.

मग त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली.

चौथा सूर मिसळला, तरी आवाज तीनच येत होते.

जीवनचा आवाज नव्हता.

त्याचे गाल फुगलेले. हात पुढेमागे होत होता. तो जीव तोडून फुंकत होता... आणि त्याच्या ट्रॉम्बोनमधून काहीच निघत नव्हतं. ओठ निळे पडले होते.

"जीवन! थांब बे!"

तो थांबेना. दादांनी झेप घेऊन ट्रॉम्बोन त्याच्या तोंडावरून हिसकावला.

घोगरा सूर तिथंच तुटला. जीवन धाडकन खाली पडला.

मेहकरच्या डॉक्टरांनी तपासलं. छाती साफ. दमा नाही, काही नाही.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. दादा कॉटजवळच बसून होते.

"कसं वाटून राह्यलं रे?"

जीवन ताडकन उठून बसला. मग चिडून म्हणाला, "थांबवलं काऊन? काकाचं अजून बाकी होतं ना!"

आपण असं बोललो, हे त्याला आज आठवत नाही.

पौर्णिमेला काही वाजलं नाही. जीवन ठणठणीत आहे, दिवसभर शेतात राबतो. पण त्याला साधी शिट्टीसुद्धा मारता येत नाही. ओठांतून नुसती हवा जाते.

आणि दादा?

समाजमंदिरासमोरून जायची वेळ आली, की हॉल मागे पडेपर्यंत ते श्वास रोखून धरतात.