मोगऱ्याचे देणे

आधी घराणे सांगावे, मग मुलगा. देवजीचा चंदर, चंदरचा जगन आणि जगनचा करण. देवजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागा शिंपल्या, चंदरने दुसऱ्यांच्या भाताची लावणी केली, आणि जगनने पावसाळा सरला की वीटभट्टीची वाट धरली. तिघांनाही स्वतःचे म्हणावे असे अंगण लाभले नाही. करण मात्र शिकला, मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढू लागला, आणि गेल्या दिवाळीत त्याने तिथेच दोन खोल्यांचे घर बांधले. घरापुढे अंगण होते. अंगणात अजून काहीच नव्हते.

पौष महिना होता. जव्हारच्या पठारावर धुके सकाळच्या उन्हाची वाट अडवून बसते, आणि झाडांचा नाद असलेली माणसे याच दिवसांत वसंताच्या तयारीला लागतात. कुणी जास्वंद छाटतो, कुणी शेवंतीच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे वेगळे करतो, कुणी कुंड्यांतली माती उन्हाला पसरून ठेवतो. अशाच एका रविवारी करण जव्हारला बाजार करून, पिशव्या सांभाळत एसटी स्टँडकडे निघाला होता. एका घराचे अंगण रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच होते. त्याच्या कुंपणाखालून जाताना करणच्या डोक्यावर काहीतरी पडले… मग खांद्यावर… मोगऱ्याच्या कापलेल्या काड्या!

“अहो, खाली माणूस आहे!”

“असू दे की. काटे नाहीत त्यांना.”

आधी धुक्यातून आवाज आला, मग चेहरा. हातात कात्री, केसांत वाळकी पाने, आणि डोळ्यांत क्षमा मागण्याचा मुळीच विचार नाही — ही हर्षाली. जव्हारच्याच एका कचेरीत नोकरीला असलेली, आजीची एकुलती नात.

“एवढ्या फेकताय, तर एक मी नेऊ? आमच्या अंगणात लावायला?”

“या काड्या लागायच्या नाहीत. झाडाला ताण दिलाय.”

“झाडालाही ताण असतो?”

“पाणी तोडलंय त्याचं. नीट तहानलं की मगच बहरतं.”

“माणसाचंही तसंच असेल.”

“माणूस तहानला की नळ शोधतो,” ती म्हणाली, आणि ओठांवर आलेले हसू लपवायला पुन्हा झुडपाकडे वळली.

“हर्षाली, कुंपणावरून कुणाशी बोलणं चाललंय?” ओटीवरून प्रश्न आला. तिच्या आजीचा, उज्ज्वलाबाईंचा, प्रश्न हा हुकूमच असे. “वर बोलाव त्याला. नाव काय रे तुझं?”

“करण.”

“कुणाचा?”

“जगनचा.”

“जगन कुणाचा?”

“चंदरचा. आणि चंदर देवजीचा,” करण हसत म्हणाला. “त्याच्या पलीकडचं मला माहीत नाही, आजी.”

उज्ज्वलाबाई हसल्या नाहीत. हातातले वाल निवडायचे सूप त्यांनी खाली ठेवले.

“मी नवी नवरी होते त्या वर्षी विहीर आटली. तुझ्या पणज्याने दरीतल्या झऱ्यावरून कावडीने पाणी आणून हा मोगरा जगवला. आमच्या सासूबाई, मंगळीबाई, त्याला म्हणाल्या, ‘देवजी, तुझं स्वतःचं दार होईल त्या दिवशी याच मोगऱ्याचं रोप माझ्या हाताने तिथे लावीन.’ तुझं दार झालं का?”

“झालं, आजी.”

“मग आम्ही देणं लागतो. सासूबाई नाहीत, पण मी आहे.”

“जुनी गोष्ट ती. एक फांदी दिलीत तरी—”

“फांदी मागणाऱ्याला देतात. तू मागू नकोस.”

त्याच सकाळी त्यांनी झुडपाची एक लांब फांदी छाटणीतून राखून ठेवली. हर्षालीने ती हलकेच वाकवली, मधोमध थोडी खरवडली, मातीत दाबली आणि वर दगड ठेवला. याला दाबकलम म्हणतात. फांदी आईपासून तोडायची नाही. मातीत तिची स्वतःची मुळे धरली की मगच वेगळी करायची. प्रीतीची घाई असणाऱ्यांनी एकदा दाबकलम करून पाहावे.

अडचण एकच होती. झुडपाला अजून तहान हवी होती, आणि त्याच्याच एका फांदीला पाणी. ते द्यायचे वाटीने, दगडाच्या कडेकडेने, एक थेंबही इकडेतिकडे न जाऊ देता. जास्त झाले तर बहर चुकणार, आणि कमी पडले तर कलम वाळणार. वाटी हर्षालीकडे आली. देखरेख मात्र, कुणी सोपवली नसतानाही, करणने स्वतःकडे घेतली. दर रविवारी मोखाड्याहून सुटणाऱ्या पहिल्या जीपमध्ये तो असे.

“लोकांना काय सांगता हो, एक्स-रे काढताना?” एकदा वाटी घेऊन वाकता वाकता तिने विचारले.

“श्वास घ्या… रोखून धरा… हलू नका.”

ती खरोखरच थांबली. धुके तिच्या बटेवर मण्यांसारखे उतरले होते. वाटीतले पाणी काठाशी येऊन थरथरत होते… तो पाहतच राहिला.

“अहो, सोडा म्हणा की! जीव जाईल माझा!”

“विसरलो,” तो म्हणाला. आणि मग दोघेही उगीचच मातीकडे पाहू लागले.

माघ लागला. ताण मोडला, आळ्यांत पाणी खेळले, आणि निष्पर्ण काड्यांवर पोपटी पाने अशी उमटली, जणू झुडपाला रात्रीतून काहीतरी आठवले होते. ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी झाले हे दोघांनाही सांगता आले नसते. हर्षालीचे शनिवार लांबत गेले आणि रविवार आखडत गेले. उज्ज्वलाबाई ओटीवर वाल सोलत बसत. मान खाली, आणि कान, बहुधा, खाली नसत.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी करणने दगड उचलून बोटाने माती सारली. आत पांढरीशुभ्र मुळे होती, दुधाच्या दातांसारखी.

“धरली,” हर्षाली कुजबुजली.

“हो… आता इथे यायला कारण उरलं नाही.”

“कारण लागतंच का?”

मातीचे बोट तळव्यावर पुसत तो म्हणाला, “हर्षाली, तुझ्या आजीने त्या दिवशी अर्धंच सांगितलं. मंगळीआजींचं बोलणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ‘तुझ्या दारी रोप लावीन, देवजी, आणि तुझ्या घरचं पाणी पिऊन येईन.’”

हर्षालीच्या हातातली वाटी कलंडली. या घरातले कुणी देवजीच्या वस्तीवर कधी पाण्याला थांबले नव्हते. हे कुणी बोलत नसे. नुसते पाळले जाई.

“माझी आई जन्मभर लोकांच्या ओट्याखाली उभी राहून ओंजळीने पाणी प्यायली,” करण म्हणाला. “आजी आल्या, रोप लावलं, आणि पाण्याला न शिवता उठल्या, तर मी तुझं नाव घरात काढणार नाही. मोगरा जगवीन. पण आईला पुन्हा ओट्याखाली उभं करणार नाही. तू माझ्या… मनात कितीही असलीस तरी.”

“हे असं सांगतात का रे कुणी? एका वाक्यात हो आणि नाही?”

“मला दुसरं जमत नाही.”

“मी बोलते आजीशी.”

“नको. सांगून प्यायलेलं पाणी मला नको.”

“फार कठीण अट घातलीस.” तिचे डोळे भरले होते, तरी ती हसली. “आणि माझ्याही मनात… तेवढंच आहे. ऐकून ठेव.”

पुढच्या रविवारी जीपच्या पुढच्या सीटवर नऊवारीतल्या उज्ज्वलाबाई ताठ बसल्या, मांडीवर कलमाची कुंडी. वळणावळणाला पळस पेटले होते. मागे हर्षालीने रस्ताभर ओठ घट्ट मिटून घेतले होते.

“काय गिळते आहेस मघापासून?” मान न वळवता आजीने विचारले.

“काही नाही, आजी.”

मोखाड्याच्या त्या अंगणात खड्डा तयार होता, शेणखत घातलेला. जगन हात जोडून उभा होता. करणची आई, योगिता, दाराच्या चौकटीला अशी चिकटली होती, जणू घर तिचे नसून पाहुण्यांचेच असावे. खुर्ची नाकारून उज्ज्वलाबाई मातीत बसल्या. त्यांनी कलम लावले, मुठीने माती दाबली, आळे केले, हात झटकले.

तेवढ्यात योगिता ताट घेऊन आली. ताटात थंड पेयाची बाटली होती.

“दुकानातली हाय, आजी. सील तोडलेला नाय,” ती घाईने म्हणाली. “आमच्या घरचं तुम्हाला…”

करणने नजर खाली घातली. हर्षालीने श्वास आवरला.

उज्ज्वलाबाईंनी बाटलीकडे पाहिले, मग नातीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे.

“घरात माठ नाही?”

“हाय की.”

“मग? देवजीने आमच्या घरी बाटलीतून पाणी आणलं होतं का?”

योगिता आत धावली.

“आणि तू रे,” त्या करणकडे वळल्या. “मला दिसत नाही असं समजू नकोस. मोतीबिंदू काढून घेतलाय मी. पण नात या देण्यात धरलेली नाही. ती देण्याघेण्याची वस्तू नव्हे. यायचं असेल तर स्वतःच्या पायांनी येईल. काय गं?”

“येईन,” हर्षाली पुटपुटली.

“मोठ्याने. आपल्या घरात कुणी पुटपुटत नाही.”

“येईन, आजी!”

करणच्या चेहऱ्यावर सारे अंगण उजळून आले होते.

योगिताने पेला पुढे केला. परक्या घरी पेला उंच धरून वरून पाणी ओतून घेण्याची उज्ज्वलाबाईंची रीत साऱ्या जव्हारला ठाऊक होती. आज त्यांनी पेला ओठांना लावला, आणि सावकाश, सगळा संपवला. मग तो तसाच पुढे धरला.

“अजून दे, योगिता. हा सासूबाईंचा होता. मी इतकी वर्षं आले नाही, त्याचा माझा वेगळा.”

आणि दुसराही पेला त्यांनी तळाशी थेंब न ठेवता रिकामा केला.