पृथ्वीचा काटा

सावलगावच्या दवाखान्यातल्या पडद्यावर एकेचाळीस मुलांची नावं होती, आणि त्यांतली अडतीस तांबडी होती. तांबडं नाव म्हणजे मनानं आजारी मूल.

डॉ. निर्मला गोहोकर यांना चंद्रावर येऊन बारा दिवस झाले होते. त्यांनी ती यादी इतक्या वेळा वाचली होती, की नावं पाठ झाली होती. आज संध्याकाळपर्यंत त्यांना वसाहत मंडळाला उत्तर द्यायचं होतं.

सावलगाव चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, एका विवराच्या कायमच्या सावलीत, बर्फाच्या खाणीवर वसलेलं. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींतली साठेक कुटुंबं दोन पिढ्यांपूर्वी इथं आली आणि इथलीच झाली. यंदा पहिल्यांदाच बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना पृथ्वीवरून मनोचाळणी आली. तीस वाक्यांची साधी प्रश्नावली. प्रत्येक वाक्यापुढे खरं किंवा खोटं अशी खूण करायची. पृथ्वीवर ती कितीतरी देशांत वापरून झाली होती, आणि तिच्यामुळे पुष्कळ मुलांना वेळेवर मदतही मिळाली होती.

मंडळाचा नियम स्पष्ट होता. तिसरा हिस्सा मुलं आजारी निघाली, तर ती जागा मुलांना राहण्याजोगी नाही. त्यांना पृथ्वीवर हलवायचं. पण पृथ्वीच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या या मुलांची हाडं पृथ्वीवर अंगाचा भार पेलणारी नव्हती. तिथं ती जन्मभर चाकाच्या खुर्चीत बसली असती, तीही आईबापांपासून दूर.

गोहोकरबाईंना पहिला धागा सापडला तो आठवड्यापूर्वी, दारात. दवाखान्यात शिरून त्यांनी दार लावलं आणि वळल्या, तर समोर यशोदाबाई धोटे उभ्या. यशोदाबाई सावलगावच्या दारकरीण. सत्तरीच्या, अंगानं काटक. गावातलं प्रत्येक हवाबंद दार आणि प्रत्येक पोराची दाराची सवय, दोन्ही त्यांच्या राखणीत.

"तुम्ही दार पाहिलं नाही, डॉक्टरबाई."

"लागलंय ना व्यवस्थित."

"लागलं ते मले दिसते जी. तुम्ही कुठं पाहिलं?"

मग त्यांनी दार बघायला शिकवलं. एकदा डोळ्यानं, एकदा हातानं, एकदा गालानं. गाल ओला करून सांध्याला लावायचा. केसाएवढी फट असली तरी ओल्या गालाला वारा कळतो. यंत्रं असतात, पण यंत्रं बिघडतात. कोळशाच्या खाणीत यशोदाबाईंचा आजा काठीनं छत ठोकून आवाज ऐके, तीच ही रीत, फक्त जागा बदलली. इथलं तान्हं मूल आईच्या कडेवरून पहिल्यांदा दाराला गाल लावतं, त्या दिवशी घरोघर गोड वाटतात.

त्या दुपारी गोहोकरबाईंनी मनोचाळणी पुन्हा उघडली. 'मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून बघतो.' अडतीस मुलांनी खरं म्हटलं होतं. 'घरचं माणूस बाहेर गेलं की मला धास्ती वाटते.' खरं. 'बारीकशा आवाजानं माझं लक्ष उडतं.' खरंच होतं ते. हवेच्या पंख्याचा सूर बदलला की वर्गातली सगळी पोरं एकदम मान वर करत, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि दोन्ही शिक्षकांना विचारलं, की तुमच्या मते गावात समजूतदार, भरवशाची पोरं कोणती? चार दिवस त्या घरोघर फिरल्या. मग ती उत्तरं मनोचाळणीच्या गुणांशेजारी ठेवली आणि पृथ्वीवर डॉ. सप्र्यांशी संपर्क साधला. रत्नाकर सप्रे सांख्यिकीतले जाणकार, चाळणी तयार करणाऱ्यांपैकी एक. चंद्रावरून बोललेलं तिथं पोचून उत्तर परत यायला तीनेक सेकंद लागत. त्यामुळे सप्रे प्रत्येक गोष्टीवर फार विचार करून बोलतात असं वाटे.

"म्हणजे जे मूल आमच्या चाळणीत जास्त आजारी, ते गावाच्या दृष्टीनं जास्त शहाणं?" त्यांनी विचारलं.

"सतरा वाक्यांत अगदी तसंच आहे. भाषा तीच, शब्द मुलांना नीट कळलेले. पण तीच खूण इथं दुसऱ्या गोष्टीची आहे. अर्थतुल्यता नाही."

तीन सेकंद गेले.

"मंडळावरच्या लोकांना अर्थतुल्यता कळणार नाही, निर्मलाताई. त्यांना काट्याचं सांगा. स्प्रिंगचा वजनकाटा पृथ्वीवरून उचलून चंद्रावर नेला, तर साठ किलोचा माणूस त्यावर दहा किलोचा भरतो. माणूस वाळलेला नसतो. काटा तिथला नसतो."

आज सकाळी गोहोकरबाईंनी मंडळाला तेच सांगितलं, आकड्यांसकट. सप्र्यांनी पृथ्वीवरून पुस्ती जोडली, की चाळणी आपणच केलेली आहे आणि ती सावलगावात लागू पडत नाही. तासाभरात निर्णय आला. स्थलांतर रद्द. इथल्या मुलांसाठी इथली प्रश्नावली करावी.

दवाखान्यात माणसं मावेनात. कुणी रडत होतं, कुणी गोहोकरबाईंच्या हातात शेवाळाच्या वड्या कोंबत होतं. गर्दी ओसरल्यावर यशोदाबाई तेवढ्या मागे राहिल्या. त्यांना ती काट्याची गोष्ट फार आवडली होती. त्यांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली आणि हसत म्हणाल्या, "आन् ज्याचं वजन त्या काट्यावर इथंबी बरोबर साठ भरलं, त्याचं काय जी? त्याले तर उचलाले चार माणसं लागतील."

गोहोकरबाई हसल्या. हसता हसता त्यांनी मनात सहानं गुणलं. तीनशे साठ. आणि त्यांचं हसू थांबलं.

काटा सगळ्यांनाच चुकीचं दाखवतो. बारा दिवस त्या अडतीस तांबड्या नावांसाठी भांडल्या होत्या. उरलेल्या तीन नावांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. पृथ्वीच्या काट्यावर ती तिघं अगदी निरोगी होती.

त्यांनी पडदा पुढे ओढला. पहिले दोघे भाऊ, चार महिन्यांपूर्वी चंद्रपूरहून आलेले. त्यांची उत्तरं पृथ्वीची असणारच. तिसरं नाव चैताली नागराळे, वय चौदा. जन्म सावलगाव.

पुन्हा पुन्हा तपासते? खोटं. धास्ती वाटते? खोटं. आवाजानं लक्ष उडतं? खोटं.

"ही कशी मुलगी आहे?"

"चैताली? चांगली आहे बापा. शांत. कोणाले तरास नाही तिचा. तिची मोठी बहीण मृणाल आठ महिन्यांमागं गेली ना, बर्फ साठवायच्या छपरीत. दाराचा सांधा सुटला होता." गोहोकरबाईंनी उत्तरं वाचून दाखवली. यशोदाबाईंच्या हातातली वडी तशीच राहिली. "दार पाहत नाही म्हणते?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अन् आज दुपारची पाळी तिची आहे, बापासंग. अंगणात."

अंगण म्हणजे विवराची उघडी जमीन. तिथं जायचं तर पोशाखघरातून, मग दाबखोलीतून, जिथली हवा काढून घेतल्यावरच बाहेरचं दार उघडे. दाबखोलीत एका वेळी एकच माणूस मावे. त्या दोघी पोशाखघरात पोचल्या तेव्हा चैतालीचे वडील पुढे गेले होते, आणि चैताली आपला दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभी होती. पोशाख चढवलेला. आतली हवा राखणारी डाव्या मनगटाची कडी उघडी. इशाऱ्याची घंटा तिनं बंद करून ठेवलेली.

यशोदाबाईंनी ओरडा केला नाही. भिंतीवरचा खटका खाली ओढून दाबखोली थांबवली, आणि रोज विचारत तसंच विचारलं.

"दार पाहिलं का, माय?"

टोपाच्या काचेआड मुलीचा चेहरा हलला नाही. "नाही."

"काहून?"

उत्तर यायला तीनेक सेकंद लागले. गोहोकरबाईंना क्षणभर वाटलं, ही पृथ्वीवरूनच उत्तर देते आहे.

"मृणालताईच्या छपरीचं दार मीनंच पाहिलं होतं," चैताली म्हणाली. "तीनदा. गालानंबी. तरी गेली."

तिनं काही लपवलं नव्हतं. तीसच्या तीस उत्तरं तिनं खरी लिहिली होती आणि ती वाचून पृथ्वीनं तिच्या नावापुढे निरोगी लिहिलं होतं.

यशोदाबाई चैतालीला घेऊन खाली बसल्या. तिचा हात मांडीवर घेऊन त्यांनी मनगटाची कडी लावली, पण तिला बाहेर पाठवायला नव्हे. कडी लावून त्यांनी टोप उतरवला आणि पोरीचं डोकं छातीशी घेतलं. सांधा आतून फाटला होता, तो कोणाच्याच गालाले कळला नसता, मलेबी नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. बाहेर गेलेल्या बापाला परत फिरायचा निरोप गेला. चैताली आधी ताठच होती. मग तिचे खांदे गदगदू लागले.

गोहोकरबाई मागचं दार बघायला गेल्या, कारण घाईत येताना ते कुणी बघितलं नव्हतं. डोळ्यानं पाहिलं, हातानं चाचपलं, मग वाकून गाल लावला.

"तसं नाही," मागून आवाज आला.

चैताली उठून आली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"कोरड्या गालाले कळत नाही, डॉक्टरबाई," ती म्हणाली. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं आपला ओला गाल दाराच्या सांध्याला लावला.