कोरा खळगा गुलाबी झाला

मी थापा मारत नाही आणि मारणाऱ्यांना घरात थारा देत नाही. हे माझ्या धाकट्या सुनेच्या बाबतीत घडलेलं आहे. रात्री-बित्री नाही, भर दुपारी. तिच्या प्रयोगशाळेत.

तिचं काम असं. रोगाचे परजीवी बाटलीत वाढवायचे. प्लेटच्या इवल्या खळग्यांत ते घालायचे, वर औषध, मग निळा रंग. जिवंत असले तर रंग गुलाबी होतो. मेले तर निळाच राहतो.

मी म्हटलं होतं, "एवढ्यासाठी एवढं शिकलीस?"

पण प्लेट काही ताळ्यावर येईना. तेच परजीवी, तेच औषध... आज सगळे मेलेले, उद्या सगळे जिवंत!

साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा."

धाकटीने रंग बदलला. पाणी बदललं. प्लेट ठेवतात ती उबेची पेटी घासून पुसली.

आणि मग तिला दिसलं...

कडेचे खळगे कोरे ठेवतात. नुसतं पाणी आणि रंग. परजीवी नाहीतच.

तेच गुलाबी झाले होते.

संशय गेला शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीवर. "तूच माझ्या प्लेटला हात लावतेस!"

"माझं मला निस्तरत नाही, तुझं कशाला बिघडवू?" चष्मेवाली फणकारली. "चल, समोरासमोर बघू. नक्की जिवंत असलेलं काहीतरी घालू. आपल्याच गालाच्या पेशी."

दोघींनी आपापला गाल आतून काडीने खरवडला. दोन खळगे भरले. तिसरा कोरा. तिन्हींत रंग घातला, प्लेट पेटीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली धाकटीच्या मुठीत. दोघी पेटीसमोर खुर्च्या टाकून बसल्या.

पेटीची घरघर चालू होती...

मग थांबली. पेटीचा दिवा मात्र जळतच होता.

काचेवर आतून वाफ धरली... कोणी श्वास सोडावा तशी.

धाकटीने दार उघडलं.

चष्मेवालीचा खळगा गुलाबी.

कोरा... त्याहून गडद गुलाबी.

धाकटीचा निळाच.

"काडी नीट फिरवली नसशील गं," चष्मेवाली म्हणाली. पण बोलता बोलता दोन पावलं मागे सरकली.

पुन्हा केलं. पुन्हा निळा.

साहेबांनी काढायच्या आतच धाकटी घरी आली. नोकरीचं नाव घेत नाही. एकच विचारते, "आई, मी आहे ना हो?"

"नसतीस तर माझा चहा कोण ढोसतंय?" मी खेकसते.

पण ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास लागतो.

तरी जीव थाऱ्यावर येत नाही...

मग तेच बोट मी माझ्या नाकाशी धरते.