भात्यापलीकडची ताई

“घेऊन जा ती पेटी! माझ्या डोळ्यांसमोर नको!” धाकट्याचा आवाज चिरकला आणि दारातच थबकलेल्या ताईच्या काळजात चर्र झालं... कित्येक वर्षांनी ती भावाच्या घराची पायरी चढली होती, आणि स्वागत हे असं!

“उजवा हात लुळा पडल्यापासून हेच चाललंय,” भावजय डोळे पुसत म्हणाली. “औषध नको, व्यायाम नको, पेटी कुणालातरी देऊन टाका म्हणतात. डॉक्टर म्हणतात, यांनी मनानंच हात टेकलेत. ताई, आता तुम्हीच काय ते बघा.”

ताई काय बघणार? इस्त्रीच्या दुकानात जन्म गेलेली बाई ती! पण ह्याच बाजाच्या पेटीपुढे तिचं बालपण सरलं होतं. आई लवकर गेली, बाबा दोघा लेकरांना घेऊन बसायचे. धाकट्याचा चिमुकला हात भात्यापर्यंत पोचेना, म्हणून समोर बसून भाता हलवायचं काम तिच्याकडे आलं. “मलाही शिकवा ना,” असं तिनं एकदा म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, “आधी त्याचा हात बसू दे.” त्याचा हात बसला, नाव झालं... तिची शिकायची वेळ काही आलीच नाही! त्याचंही तिला दुःख नव्हतं. पण त्याच्या सत्काराच्या दिवशी कुणीतरी विचारलं, “ताईसुद्धा वाजवतात का?” आणि हा हसून म्हणाला, “छे! ती नुसती वारा घालायची!” सगळे खो खो हसले. तो शब्द काट्यासारखा रुतला आणि तिनं ह्या घराकडे पाठ फिरवली.

आज मात्र ती पेटीपुढे, वाजवणाऱ्याच्या जागी बसली. “देणारच आहेस, तर एकदा मला वाजवू दे.”

लहानपणी दोघांनी मिळून बसवलेलं पहिलं गाणं तिनं धरलं... आणि सूर भलतीकडेच पळाले! चढायचे तिथे उतरले, उतरायचे तिथे चढले. ती पार ओशाळली.

धाकटा टक लावून बघत राहिला. बोटं अगदी अचूक चालली होती, पण उलट्या टोकाकडून! समोर बसून जसं दिसलं तसंच्या तसं तिनं उचललं होतं... कुणी न शिकवता, भाता हलवता हलवता!

आधी त्याला हसू फुटलं, आजारपणातलं पहिलं हसू. आणि हसता हसताच तो ढसाढसा रडू लागला. “ताई गं! तुझी शिकायची वेळ हिरावली मी... आणि वर तुलाच हसलो!”

“वेड्या, रडतोस काय! उलटंसुलटं का होईना, आलं की नाही मला?”

भावजयीचा आधार घेत तो पेटीच्या पलीकडे, ताईच्या जुन्या जागी जाऊन बसला आणि धडधाकट डाव्या हातानं त्यानं भाता धरला. “आता ह्या टोकापासून सुरू कर. चुकलीस तर ओरडेन हं, बाबांसारखा.”

अडखळत, ठेचकाळत गाणं सरळ होऊ लागलं. ताईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण बोटं थांबली नाहीत.

भाता हलवता हलवताच तो बायकोला म्हणाला, “औषध आण गं. आणि तो व्यायामाचा चेंडूही दे. ताईचा हात बसेपर्यंत माझाही बसायला हवा!”